‘गिअरबॉक्स गेला’ म्हणतात, तर आधी हे बघून घे

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं गाडीच्या दुरुस्तीचं वर्कशॉपचं अंदाजपत्रक पाहिलं. ‘गिअरबॉक्स असेंब्ली बदलणे’ एवढी एकच ओळ आणि खाली रक्कम. स्कॅनरवर बिघाडाचा कोणता कोड आला, पंपाचा दाब किती होता, क्लच किती झिजलाय, यातलं काहीही त्यात नाही. एवढ्यावर होकार देऊ नकोस.

तुझी सेलेरिओ ऑटोमॅटिक म्हणून विकली गेली असली तरी आतला गिअरबॉक्स साधा पाच गिअरचा मॅन्युअलच आहे. मारुतीने २०१४ साली ‘ऑटो गिअर शिफ्ट’ या नावाने हा प्रकार याच गाडीत पहिल्यांदा आणला. यंत्रणा मॅग्नेटी मरेली कंपनीची. क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम हायड्रॉलिक ॲक्च्युएटर करतो. छोटी मोटर तेलाला दाब देते, ॲक्युम्युलेटर तो दाब साठवतो, सोलेनॉइड व्हॉल्व्ह तेल हवं तिकडे सोडतात आणि टीसीयू नावाचा कॉम्प्युटर या सगळ्यांना हुकूम देतो. गाडी अडली की दोष बहुतेक वेळा या बाहेरच्या सरंजामात किंवा क्लचमध्ये सापडतो. आतली गिअरची चाकं शाबूत असतात.

तू लिहिलंस की चालता चालता डॅशबोर्डवरचा गिअरचा आकडा लुकलुकतो, गाडी न्यूट्रलला जाते आणि बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ नीट चालते. गिअरबॉक्सचं बेअरिंग किंवा सिंक्रो (गिअर अलगद जुळवणारी रिंग) गेला असता तर बंद-चालू केल्याने फरक पडला नसता. सतत घरघर आली असती, एखादाच गिअर खरखरला असता, आणि गिअर ऑइल काढल्यावर त्यात धातूची चमचमणारी पूड दिसली असती. म्हणून स्वस्तातल्या गोष्टींपासून सुरुवात कर.

पहिली बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीवर सकाळी मल्टिमीटर लावून घे. १२.६ व्होल्ट उत्तम, १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करायची. स्टार्टर फिरताना आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी थकलीय. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. व्होल्टेज पडलं की टीसीयू गोंधळतो आणि गिअरबॉक्सचीच तक्रार दाखवतो. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी आणि बॉडीला जाणारी अर्थिंगची वायरही साफ करून घट्ट करायला सांग.

मग ब्रेक दाबून मागचे दिवे लागतात का, हे कुणाला तरी मागे उभं करून बघ. ब्रेक स्विच बिघडला की टीसीयूला ब्रेक दाबल्याचं कळतच नाही आणि गाडी स्टार्ट होत नाही किंवा गिअर घेत नाही. स्विच अगदी किरकोळ किमतीचा असतो.

आता पंप. ड्रायव्हरचं दार उघडलं की बॉनेटखालून बारीक ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. तो म्हणजे पंप दाब भरतोय. आवाजच आला नाही तर फ्यूज, रिले, मग मोटर, या क्रमाने बघायचं. उलट, गाडी नुसती उभी असताना, एकही गिअर न बदलता, पंप दर काही सेकंदांनी पुन्हा पुन्हा घुमत असेल तर दाब कुठेतरी निसटतोय. कधी बाहेर तेल गळतं, कधी आतला व्हॉल्व्ह सोडतो, पण ॲक्युम्युलेटरमधला वायू कमी झाल्याचा संशय आधी घ्यायचा. तुझं वर्णन मला याच जागी घेऊन येतं. फिरताना दाब पुरा पडत नाही, टीसीयू गाडी न्यूट्रलला टाकतो, बंद करून थोडं थांबलीस की पुन्हा दाब भरतो. मोठी वर्कशॉपं अशा वेळी अख्खं ॲक्च्युएटर बदला म्हणतात. एएमटीचंच, म्हणजे अशा आपोआप बदलणाऱ्या मॅन्युअल गिअरबॉक्सचंच, काम करणारे काही कारागीर नुसता ॲक्युम्युलेटर किंवा मोटर बदलून देतात. तसा माणूस शोध.

त्याला दोन गोष्टी बजाव. या यंत्रणेत ४० बारच्या आसपास दाब असतो, म्हणजे तुझ्या टायरच्या वीसएक पट. तेव्हा आधी दाब उतरवायचा, मगच पाइपला पाना लावायचा. आणि तेल याच यंत्रणेसाठीचं हवं. ॲक्च्युएटरच्या टाकीत ब्रेक ऑइल ओतलं की सील फुगतात आणि मग खरोखरच सगळं बदलावं लागतं.

क्लचची परीक्षा अशी. मोकळ्या रस्त्यावर मॅन्युअल मोडमध्ये चौथ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाब. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतोय. गिअरबॉक्स उतरवावाच लागेल, तेव्हा प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच बदल. ड्राइव्ह शाफ्टचे सीलही टाकून घे, मजुरी पुन्हा द्यावी लागणार नाही. नंतर स्कॅनरवर क्लचचं लर्निंग, म्हणजे नवा क्लच कुठे पकडतो हे टीसीयूला शिकवणं, करायलाच हवं. ते राहिलं तर नवा क्लचही पहिल्या गिअरला हिसके देतो, आणि लोक पुन्हा गिअरबॉक्सवर संशय घेतात.

तुझ्याकडे तीस हजार आहेत. क्लचचं किंवा ॲक्युम्युलेटरचं काम त्यात बसायला हरकत नाही. नवं पूर्ण ॲक्च्युएटर बसेल असं धरू नकोस. तशी वेळ आली तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुनं मिळू शकतं, मात्र पार्ट नंबर जुळवून, बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून घेऊन आणि त्यावर रंगाची खूण करूनच घ्यायचं. पूर्ण गिअरबॉक्स शेवटी. एकूण खर्च गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या एक तृतीयांशावर गेला तर दुरुस्ती न करता आहे तशी विकणं मला पटतं. क्लच पेडल बसवून मॅन्युअल करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नकोस. वायरिंगची तोडफोड होते आणि कागदोपत्री गाडी ऑटोमॅटिकच राहते.

विम्यातून झिजेचे पैसे मिळत नाहीत. खाली दगड लागून तेल गळलं असेल आणि पॉलिसीत इंजिन-गिअरबॉक्सचं ॲड-ऑन असेल तर दावा करता येऊ शकेल, म्हणून आधी गाडीखाली वाकून ओरखडे बघ आणि फोटो काढ.

गाडी हलवायची झाली तर फ्लॅटबेडवरच, म्हणजे चारही चाकं वर घेणाऱ्या ट्रकवरच ने. ॲक्च्युएटर बंद असताना गिअर अडकलेला असू शकतो. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर ती इंजिनालाच फिरवतील.

उद्या स्कॅन करून घे, कोडचा फोटो आणि बॅटरीचे तिन्ही आकडे मला पाठव. काम कुणीही करो, बदललेले जुने भाग परत माग. नवं अंदाजपत्रक आलं की सही करण्याआधी फोन कर, रात्री दहापर्यंत मी जागी असते.

तुझी,
आई