रविवारी रात्री घाट चढू नकोस

सातारा,
रविवार, रात्री

चि. सोनूस,
पप्पांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सगळा बेत भराभर सांगितलास. शनिवार-रविवार मालवणात समुद्राखाली डाइव्ह, रविवारी दुपारी निघून रात्री साताऱ्यात, सोमवारी संध्याकाळी दादाची हळद. मी 'बरं' म्हणालो आणि फोन तुझ्या आईकडे दिला. पण नंतर झोप लागली नाही. मला फोनवर धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. पोस्टाने शनिवारच्या आत पोचेल, आणि लिहिलेलं तू दोनदा वाचशील.

आधी तुझ्या फोटोंबद्दल. त्या दिवशी तू बुडालेल्या बोटींचे फोटो पाठवलेस, ते मी आणि आई रात्री बारापर्यंत बघत बसलो होतो. तांबड्या समुद्रातली ती 'थिसलगॉर्म'. १९४१च्या ऑक्टोबरात जर्मन विमानांनी बाँब टाकून बुडवलेली, आणि आत इंग्रज फौजेचा माल जसाच्या तसा. ट्रकच्या हौद्यात मोटारसायकली उभ्या केलेल्या, हँडल सगळी एका बाजूला वळवलेली, म्हणजे जास्त बसतील. सोनू, असा माल भरायला हात बसलेला माणूस लागतो. ज्याने कुणी त्या चढवल्या त्याचं काम ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी, ३० मीटर पाण्याखाली, मी साताऱ्यात बसून बघतोय. ३१ वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरल्यावर माझी नजर माशांवर जात नाही, टायरवर जाते.

तुमच्या ग्रुपमध्ये कुणाची आवडती बोट कुठली यावरून वाद झाला म्हणालीस. मला विचारशील तर सायप्रसची 'झेनोबिया'. पहिल्याच सफरीत, १९८० च्या जूनमध्ये बुडाली. बोटीचा तोल सांभाळण्यासाठी टाक्यांत पाणी भरतात, ते यंत्राच्या बिघाडाने एकाच बाजूला भरत गेलं आणि बोट कलंडली. पोटात शंभरावर ट्रक. पण माणूस एकही गेला नाही, सगळे ड्रायव्हर आधी उतरवले होते. मी तो फोटो मोठा करून पाहिला. बोट डाव्या कुशीवर आडवी आणि ट्रक वाळूत ढिगाने. गाडी गेल्याचं दुःख ड्रायव्हरला काय असतं ते मला कळतं, पण घरी पोचले बिचारे. (नंतर मात्र तिथे डायव्हर दगावलेत, हे तूच सांगितलंस. ते मी विसरलेलो नाही.)

आईला आवडली ती बालीची 'लिबर्टी'. १९४२ मध्ये जपान्यांच्या टॉर्पेडोने जखमी झालेली, ओढत किनाऱ्यावर आणून टेकवलेली, आणि १९६३ मध्ये ज्वालामुखी उसळला तेव्हा परत पाण्यात ढकलली गेलेली. तिथे होडीसुद्धा लागत नाही, गोट्यांच्या किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं, आणि गावातल्या बाया डायव्हरांचे हवेचे सिलिंडर डोक्यावर घेऊन येतात म्हणे. ते ऐकून आई म्हणाली, "चुंबळ असेल ना गं डोक्यावर?" तिला हे तेवढं विचारून सांग.

श्रीलंकेजवळ बुडालेल्या 'हर्मिस'चं नाव मात्र इतक्यात काढू नकोस. ती ५० मीटरच्या खाली आहे आणि तुझं सर्टिफिकेट ३० मीटरपर्यंतचं आहे. लायसन हलक्या गाडीचं असताना ट्रेलर घेऊन कुणी निघत नाही.

पाण्यात दिसतं किती, या तुझ्या गोष्टी मला घरच्यासारख्या वाटतात. गोव्यात 'सूझी' नावाच्या बुडालेल्या बोटीवर तीन-चार हातांपलीकडे काही दिसत नव्हतं आणि टॉर्च लावला तर समोर पांढरा पडदा उभा राहिला म्हणालीस. आंबोलीच्या धुक्यात हेच होतं. नवीन ड्रायव्हर घाबरून अप्पर मारतो, आणि सगळा उजेड धुक्यावरून उलटा त्याच्याच डोळ्यांत येतो. डिप्परवर ठेवायचं, आणि रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी धरून जायचं. तुझ्या डाइव्हिंगच्या सरांनी परतीची वाट धरायला शिकवलेला दोर म्हणजे तीच पट्टी. बोटीच्या आत शिरलीस तर तो हातातून सुटू देऊ नकोस. आणि पाय बेडकासारखे मार, खाली नको. आतला गाळ एकदा उठला की आलेलं दार सापडत नाही. हवेचे तीन भाग कर, एक आत जायला, एक बाहेर यायला आणि तिसऱ्याला हात लावायचा नाही. डेपोतून निघताना डिझेलचा हिशेब मीही असाच करायचो. फक्त माझी गाडी बंद पडली तर मी दरवाजा उघडून खाली उतरू शकत होतो.

आणि आतून काही उचलून आणू नकोस. थिसलगॉर्मवरच्या गाड्यांचे सुटे भाग लोकांनी काढून नेले हे ऐकून मला संताप आला. तुझ्या आजीचं माहेर कोयनेच्या पाण्यात गेलं. एका उन्हाळ्यात पाणी खूप उतरलं तेव्हा आम्ही तिला घेऊन गेलो होतो. घराचं जोतं उघडं पडलं होतं. ती चपला काढून उंबऱ्याच्या जागी बसली, हाताने गाळ बाजूला केला, दगडावर पाणी टाकून पुसलं. मी एक दगड आठवण म्हणून पिशवीत टाकला, तर तिने तो काढून परत होता तिथे ठेवला. ऑस्ट्रेलियातल्या 'योंगाला' बोटीत १९११ च्या वादळात १२२ माणसं गेली आणि आजही तिच्या आत शिरायला बंदी आहे, हे तू सांगितलंस तेव्हा मला आजीच आठवली.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

गेल्या वर्षी तुला मालवणहून आणायला मीच आलो होतो. त्या दिवशी तू दोन डाइव्ह केल्या होत्यास. साडेतीनला निघालो. फोंडा घाट चढताना मागच्या सीटवरची वेफर्सची पुडी फुगत फुगत उशीसारखी टम्म झाली. तू ती दाबून बघत हसत होतीस. मीही हसलो. कऱ्हाडला चहाला थांबलो तेव्हा तू डावा खांदा चोळत होतीस. घरी आल्यावर आईने बाम लावला, सिलिंडर उचलून लचकला असेल म्हणाली. दोन दिवसांनी थांबलं. ज्यांच्या होडीवरून तू गेली होतीस त्यांनी निघताना तुला एका शब्दानेही विचारलं नव्हतं की आज कुठे जाणार. त्याचा राग मला अजून आहे. तुझ्या नव्या सरांनी मात्र सगळं ऐकून घेऊन पहिला प्रश्न केला, "घाट किती वाजता चढलात?"

गाडी मी चालवत होतो, सोनू.

तेव्हापासून मी हे समजून घेतलं. दर दहा मीटर खाली गेलं की अंगावर आणखी एका वातावरणाचा दाब चढतो. तीस मीटरवर तो वरच्या चौपट. त्या दाबाने हवेतला नायट्रोजन रक्तामांसात मुरतो. हळूहळू वर आलं तर श्वासावाटे निघून जातो, घाई केली तर अंगातच, सांध्यांतही, बुडबुडे होतात. तुझा खांदा बहुधा त्यानेच दुखला. म्हणून मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेगाने वर यायचं नाही, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. माझ्या मनगटावरचा डाग तू लहानपणापासून बघतेस. नोकरीच्या पहिल्या वर्षी कुंभार्ली चढून वर आलो, इंजिन तापलेलं, मी रेडिएटरचं झाकण एका झटक्यात फिरवलं. दाबाखाली पाणी शंभर डिग्रीच्या वर जाऊनही गप्प बसतं, दाब सुटला की उसळतं. जुन्या मेकॅनिकने नंतर शिकवलं, फडकं धरायचं, झाकण जरासं सैल करायचं, वाफ जाऊ द्यायची, थांबायचं.

पण पाण्यातून वर आलीस म्हणजे चढण संपली असं नाही. अंगात मुरलेला नायट्रोजन कित्येक तास निघत असतो, आणि उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून तेवढ्यात वर गेलं तर तेच बुडबुडे होतात. म्हणून एका दिवसात दोन डाइव्ह केल्या किंवा लागोपाठ दोन दिवस केल्या तर १८ तास विमानात बसू नये असं सांगतात. विमानाचं सगळ्यांच्या लक्षात राहतं, घाटाचं राहत नाही. दोन हजार फुटांवर जायचं तर तोच नियम धरायचा, आणि आपलं सातारा ७०० मीटरच्या वर आहे, म्हणजे दोन हजार फुटांहून जास्त. मालवणात समुद्रकाठी निजलेल्या माणसाला ते डोंगरावरचं गाव वाटत नाही, पण पुडीला कळलं होतं.

तेव्हा माझं ऐक. रविवारची शेवटची डाइव्ह बाराच्या आत संपव. मुक्काम मालवणातच कर, खोलीचे पैसे मी देतो. रात्री पाणी भरपूर पी. सोमवारी सकाळी सहाला १८ तास होतात, सातला निघालीस तरी दुपारी तीनच्या आत घरी येशील. आत्याला मी कालच सांगून ठेवलंय की सोनू रविवारी येणार नाही. ती थोडी फुगली, पण मी कारण सांगितल्यावर गप्प झाली. आणि या वेळी काहीही दुखलं, मुंग्या आल्या, गरगरलं, तर बाम नाही. घाट चढायचाच नाही. ऑक्सिजन लावायचा, डॉक्टरकडे जायचं, आणि पहिलं वाक्य 'मी डाइव्ह करून आलेय' हे सांगायचं.

मार्चमध्ये तू थिसलगॉर्मवर जाणार, त्याला माझी ना नाही. तिथे पाण्याला ओढ फार असते म्हणतेस, तर दोर धरूनच उतर. आणि माझ्यासाठी एक कर, ट्रकच्या केबिनमध्ये डोकावून गिअरचा दांडा कुठल्या बाजूला आहे ते बघून ये. निवतीच्या खडकांजवळ नौदलाची निवृत्त 'गुलदार' बोट डायव्हरांसाठी मुद्दाम बुडवून तळाशी बसवायचं ठरलंय, तेव्हा मी होडीतून तुझ्याबरोबर येईन. मी वर थांबेन.

सोमवारी सकाळी साडेसहाला फोन करतो. खांदा, कोपर, गुडघे कसे आहेत ते खरं सांग, मग निघ. राधानगरीला चहाला थांब. हळद सहाला आहे, तुझ्या हातची वाटी आई बाजूला काढून ठेवणार आहे.

तुझे,
पप्पा