काकाजी, होळी उलटली तरी आमची भेदरं सुरूच आहेत

आदरणीय काकाजी,

सप्रेम नमस्कार.

नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात एप्रिलमध्येही माझ्या दुकानावर घरचीच भेदरं, म्हणजे टमाटर, आहेत. गिऱ्हाईक विचारतं, बाई, ही कुठून आणली? मी तुमचं नाव सांगते. तेवढ्यानं माझं समाधान होत नाही, म्हणून चारचौघांना वाचता येईल असं हे पत्र.

आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. पोळा झाला की जो तो टमाटरची रोपं लावतो. मग थंडीत सगळ्यांचा माल एकदम तोडणीला येतो, कळमन्याच्या ठोक बाजारात क्रेटवर क्रेट चढतात आणि भाव असा पडतो की तोडणीची मजुरीही निघत नाही. टप्प्याटप्प्यानं लावा, असं सांगणारे पुष्कळ भेटले. पण दोन टप्प्यांत अंतर किती ठेवायचं, हे फक्त तुम्ही सांगितलंत.

दर पंधरा दिवसांनी बी टाकू का, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "तारीख पाहून नको टाकू पोरी, रोपाले पाहून टाक." आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून सगळं समजावलंत. ऑगस्टअखेर टाकलेल्या बियाचं रोप २५ ते ३० दिवसांत लावणीला येतं. नोव्हेंबरअखेरच्या बियाला तेवढ्याच वाढीसाठी बरेच जास्त दिवस लागतात, कारण नागपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा कधी कधी १० अंशांच्याही खाली उतरतो आणि टमाटर जागच्या जागी बसून राहतं. म्हणून थंडीच्या तोंडावर थोड्याच दिवसांच्या फरकानं लावलेले दोन वाफे तोडणीला येताना एकमेकांपासून खूप लांब पडतात. उलट ऐन थंडीत मागेपुढे लावलेली रोपं फेब्रुवारीचं ऊन लागलं की एकमेकांना गाठतात. यावर तुमचं माप साधं होतं: आधीच्या रोपांना चार खरी पानं (बियातून निघणारी पहिली दोन सोडून) आली की पुढचं बी टाकायचं. थंडीत पानं उशिरा येतात, त्यामुळे अंतर आपोआप वाढतं. माझ्या कामाची सगळी आखणी आता याच मापावर चालते.

शेवटचा टप्पा मात्र उलटा मोजायचा, हेही तुमचंच. दिवसा ३५ अंशांच्या वर तापलं आणि रात्रही गरम राहिली की टमाटरचे परागकण निकामी होतात, फूल गळून पडतं. आपल्याकडे मार्चमध्येच पारा तिथं पोचतो. तेव्हा मार्च सरायच्या आत फळ धरलेलं हवं, आणि तिथून मागे मोजत बी टाकायचं. पश्चिमेच्या अंगाला मक्याच्या दाट ओळी आणि बुडाशी सोयाबीनचं कुटार (भुसा), एवढ्यानं दुपारची झळ खूप कमी झाली. ३० अंशांच्या वर फळात लाल रंग नीट भरत नाही, ते पिवळट-नारिंगी राहतं. म्हणून गालावर लाली दिसताच तोडून घरात कूलरच्या गारव्यात पिकवायची, हे तुम्ही सांगितलं नसतं तर उन्हाळ्यातला माल कोणी हातात धरला नसता.

सगळ्यात मोठे उपकार मात्र बोकड्याबद्दल, म्हणजे पानं आखडणाऱ्या विषाणूच्या रोगाबद्दल, सावध केल्याचे. टप्प्यानं लावण्यात एक धोका आहे, तो फार कमी लोक बोलून दाखवतात. शेतात सतत टमाटर असलं की पांढऱ्या माशीला सतत घर मिळतं, आणि जुन्या झाडांवरचा विषाणू ती कोवळ्या रोपांवर नेते. तुम्ही नवा वाफा जुन्याला लागून घेऊ दिला नाहीत, मधे मका लावायला लावलात. वांगी-मिरचीची जागाही टाळायला सांगितलीत, कारण ती टमाटरच्याच कुळातली. रोप जाळीखाली वाढवायचं. सकाळी आधी नव्या वाफ्यात शिरायचं, मग जुन्या, म्हणजे कपड्यांवर बसून जुनी माशी नव्या रोपांवर जात नाही. आणि फळ संपत आलं की माया न करता झाड उपटायचं. हे मला जड जातं काकाजी, दोन-चार भेदरं अजून दिसत असतात. पण उपटते. शेवटच्या टप्प्याला बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का रक्षक सुचवलंत, तेही लागू पडलं. बोकड्या, जिवाणूंमुळे होणारी मर आणि लवकर येणारा करपा, तिन्ही ते सोसतं.

कृषी खात्यातून निवृत्त होऊनही तुम्ही उन्हातान्हात उमरेड रोडच्या आमच्या तुकड्यावर येत राहिलात. पैशाची गोष्ट काढली की रागावता. आता नोव्हेंबरअखेरपासून मेपर्यंत माझ्या हातात दर आठवड्याला थोडा थोडा पैसा येतो. पोरीची फी भरायला व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागली नाही. याचं श्रेय मी तुम्हालाच देणार, रागावलात तरी.

शेजारच्या धुऱ्यावरच्या दोघी जणी यंदा पोळ्यापासून असंच करणार आहेत, त्यांना चार पानांचं माप मी सांगितलंय. मला आता पावसाळ्याचं विचारायचं आहे. जूनमध्ये बी टाकलं तर आपल्या काळ्या जमिनीत गादीवाफा किती उंच घ्यावा? रविवारी घरी येते, काकूंसाठी सांबार (कोथिंबीर) आणि भेदरं घेऊन.

आपली,
उमरेड रोडवरची भाजीवाली