गोधडी उसवू का?

प्रिय सुमे,

गणपतीनंतर लगेच पत्र टाकते म्हणाले होते, नाही टाकलं. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी आहे. साखर आहे तिथेच आहे, ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. बस.

आता मुद्दा. रेवाच्या कॉलेजात महिला दिनाचा कार्यक्रम आहे. हिने गिरणीतली बाई व्हायचं ठरवलंय, पणजी, म्हणजे माझी आई, गिरणीत होती ना म्हणून. तयारी दाखवायला आली ती हिरवीगार नऊवारी, जरीचे काठ, नथ, गजरा, कपाळाला चंद्रकोर! मी म्हटलं, अगं, ही सूत गुंडाळायला वाइंडिंग खात्यात निघालीय की मंगळागौरीला? झालं, रुसली. म्हणाली, "मग खरी कशी होती ते दाखव ना. फोटो दे." तिथे माझं घोडं अडलं. आईचा उभा फोटो एकच, स्टुडिओतला, आणि त्यात तिने तुझ्या आईचं पातळ नेसलंय. (हो, ते परत दिलं होतं. काठावरचा इस्त्रीचा डाग आधीपासूनचा होता. मरेपर्यंत हेच सांगणार.)

तूच सांग, कामाचं लुगडं मागे उरतं का कुणाचं? लग्नातला शालू डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत ठेवतात. कामाचं विरलं की विरलेला भाग कापून जोड शिवायचा, दंड घालायचा, दंडही विरला की पोरांची दुपटी, मग पोतेरं. आईकडे गिरणीची लुगडी दोनच, एक अंगावर आणि एक दोरीवर. पावसाळ्यात दोरीवरचं वाळायचं नाही, मग तसंच दमट नेसून पहिल्या भोंग्याला बाहेर. कासोटा घट्ट, पदर कमरेला खोचलेला, बांगड्या कोपराकडे सारलेल्या, पाय अनवाणी. तुटला धागा की गाठ मार, बॉबिन बदल, दिवसभर उभ्याने. पैसे सुताच्या वजनावर, त्यामुळे पदर सावरायलाही फुरसत नाही. संध्याकाळी तुझी आई आणि ती, दोघी जिना चढायच्या तेव्हा भुवयांवरसुद्धा कापूस. तू तुझ्या आईला "म्हातारी झालीस" म्हणून चिडवलंस आणि धपाटा मला बसला, तो हिशेब अजून बाकी आहे.

हे सगळं रेवाला सांगितलं. ऐकलं तिने, नाही असं नाही. पण म्हणते, "आज्जी, स्टेजवर विटकं लुगडं दिसणारच नाही." उद्या हे हिरवंगारच खरं होऊन बसेल ग. माझ्या आजीच्या वेळी, १९२० च्या सुमारास, मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. नायकिणीची, म्हणजे बायकांवरच्या मुकादमिणीची, मर्जी सांभाळायची, तान्ह्याला अफूची बाळगोळी देऊन झोपवायचं आणि कामावर जायचं. पुढे बायका कमी कमी होत गेल्या. आपल्या आया म्हणजे उरल्यासुरल्यांतल्या. आणि त्यांच्या नावावर आता नथ!

सुनेने तर वर मीठच चोळलं. वकीलच ती. आईच्या वेळी लागू असलेला १९४८ चा कारखाना कायदा काढून वाचून दाखवला. चालत्या यंत्राला हात लावायची वेळ आली तर तो लावायचा घट्ट कपडे घातलेल्या, शिकवलेल्या पुरुषाने, आणि ते कपडे मालकाने पुरवायचे. बाईने चालतं यंत्र पुसायचं नाही, तेल घालायचं नाही. म्हणजे त्याला कपडे, आणि हिला मनाई. आईने हे ऐकलं असतं तर म्हणाली असती, मनाई राहू दे, एक लुगडं द्या. मला मात्र राग आला. नऊ वार कापड स्वतःच्या पगारातून घ्यायचं, यंत्रात अडकणार नाही असं स्वतःच्या हिकमतीने नेसायचं, आणि कागदावर त्याची नोंदसुद्धा नाही.

तर आता तुझ्याकडे काम. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्या रिकाम्या दिवसांत दोघींनी माझ्या बाळासाठी शिवलेली गोधडी माझ्याकडे आहे. वरचा थर तुझ्या आईच्या लुगड्याचा, आत माझ्या आईचं. एका कोपऱ्यात शिवण सुटलीय, तिथून बोट घालून बघितलं. निळसर आहे, काठ विटलेला, आणि दंडाची शिवण हाताला लागते. तेच ते. पण ते बाहेर काढायचं तर आधी तुझ्या आईचे टाके उसवायचे. बारीक टाके आहेत ग, माझ्या आईचे म्हणजे नुसते कावळ्याचे पाय. ते मी तुला न विचारता करणार नाही. शिवाय चिंध्याच निघाल्या तर? नातीच्या हट्टापायी दोघींचं एकत्र होतं तेही गेलं असं व्हायचं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, नवीन विटकी साडी मिळत नाही का कुठे? डोळ्याबरोबर डोक्याचंही ऑपरेशन करायला हवं होतं.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं? पोराने घर बदललं म्हणे, पत्ता पाठव. जावेशी बोलणं सुरू झालं का, की अजून त्या फ्रिजवरूनच?

उसवू का नको ते लवकर कळव. आणि पत्रानेच कळव, फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "उसव" म्हणालीस तर वरचा थर धुऊन, घडी करून तुझ्याकडे पाठवते. इस्त्री मात्र तूच कर.

तुझी,
मंदा