वेळ आणि पैसा मिळाला, तर कोणते पुस्तक?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुरेसा वेळ आणि पैसा मिळाला तर कोणते पुस्तक लिहाल, या प्रश्नावर बहुतेक लिहिती माणसे मनात वर्षानुवर्षे घोळणाऱ्या कादंबरीचे किंवा आत्मकथनाचे नाव घेतात. मला हे उत्तर घाईचे वाटते. जे पुस्तक नोकरी सांभाळून, पहाटे तासभर आधी उठून लिहिता येईल, त्यावर अशी संधी खर्ची घालू नये; वेळ आणि पैशांवाचून जे कधीच लिहिले जाणार नाही, तेच निवडावे.

कादंबरीलाही मोकळे वर्ष लागते, हे मला मान्य आहे. अमेरिकन लेखिका हार्पर ली विमान कंपनीत तिकिटांचे काम करत असताना, १९५६च्या नाताळात एका स्नेही दांपत्याने त्यांना वर्षभर पुरेल एवढे पैसे दिले, आणि त्यातून उभी राहिलेली ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली. तरीही कादंबरीची सामग्री लेखकाच्या मनात असते, ती थांबू शकते. काही विषयांची सामग्री मात्र दुसऱ्यांच्या हातात असते आणि ती माणसे थकत चालली आहेत.

म्हणून मी दुरुस्तीच्या कामांवर पुस्तक लिहीन. चावीचे घड्याळ अचानक फार पुढे पळू लागले, की जाणता कारागीर हेअरस्प्रिंगचे, म्हणजे घड्याळाची गती राखणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटले आहेत का, हे आधी पाहतो; तेलाचा अंश लागल्याने किंवा चुंबकत्वामुळे तसे होते. एवढे कोणीही लिहून ठेवील. परंतु वाकलेला वेढा सरळ करताना चिमटा कुठे धरायचा, किती दाब द्यायचा आणि कुठे थांबायचे, हे विचारले तरी त्यालाही शब्दांत सांगता येत नाही. त्याच्या शेजारी महिनोन्‌महिने बसून, तेच काम पुन्हा पुन्हा पाहूनच ते टिपावे लागते. शिवणयंत्र आणि रेडिओ यांचेही तसेच.

अशा कामाला किती वेळ लागेल, याचा अंदाज नेहमी कमीच पडतो. ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाचे काम १८७९ साली दहा वर्षांत संपवण्याच्या बोलीवर हाती घेतले गेले. पाच वर्षांनी, १८८४मध्ये, पहिला भाग निघाला तेव्हा पहिले अक्षरही पुरे झाले नव्हते, आणि कोश पूर्ण व्हायला १९२८ साल उजाडले. तो संपादकांचा आणि असंख्य स्वयंसेवकांचा उद्योग होता. एकट्या लेखकाने विषयाची हद्द आधीच आखून घ्यायला हवी.

पैशांचा पहिला वाटा मी कारागिराच्या खोळंबलेल्या कामाच्या भरपाईसाठी ठेवीन, कारण त्याचे ज्ञान फुकट घेण्याचा मला अधिकार नाही. दुसरा चित्रकाराला देईन, कारण छायाचित्रात बोटांआड दडणारी पकड रेखाचित्रात स्पष्ट दाखवता येते. उरलेल्या रकमेत माझा घरखर्च भागला नाही, तर शिवणयंत्र आणि रेडिओ सोडून मी केवळ घड्याळांवर लिहीन.

आपला विश्वासू,
एक वाचक