रॅचेटमध्ये बेअरिंगचे ग्रीस भरू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खंडेनवमीला गॅरेजमधली हत्यारे धुऊन-पुसून, तेलपाणी करून पूजेला मांडण्याची आपल्याकडची रीत मला फार मोलाची वाटते, कारण त्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी प्रत्येक पाना हातात घेऊन नीट पाहिला जातो. मात्र त्याच दिवशी हौसेने रॅचेटच्या, म्हणजे नटावरून न काढता मागे-पुढे हलवून नट आवळायच्या पान्याच्या, डोक्यात चाकाच्या बेअरिंगचे घट्ट ग्रीस ठासून भरले जाते आणि चांगले हत्यार निकामी होते, हे दुचाकी दुरुस्तीच्या धंद्यात वर्षानुवर्षे पाहत आल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

रॅचेटच्या डोक्यात एक दातेरी चक्र, त्यात अडकणारा छोटा खटका आणि खटक्याला मागून रेटणारी बारीकशी स्प्रिंग असते. पाना मागे नेताना खटका दातांवरून घसरतो आणि पुढे ओढताच त्याला दाताच्या मुळाशी पक्के बसावे लागते. जुन्या २४ दातांच्या रॅचेटमध्ये एक दात १५ अंशांचा असे; हल्लीच्या ७२ दातांच्या रॅचेटमध्ये तो ५ अंशांवर आला आहे, म्हणजे दातही तेवढेच बारीक झाले आहेत. अशा जागी घट्ट ग्रीस साचले, की नाजूक स्प्रिंगला खटका वेळेवर रेटता येत नाही, तो दाताच्या टोकावरच टेकतो आणि जोर पडताच सटकतो.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आमच्याकडच्या मुलाचा रॅचेट फूटरेस्टचा नट आवळताना असाच सटकला आणि त्याच्या बोटांची सालटी निघाली. डोके उघडले तेव्हा आतले ग्रीस मेणासारखे थिजलेले होते, त्यात पूजेच्या कुंकवाचे लाल कण रुतले होते आणि खटका अर्धाच बाहेर आलेला होता. रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने सगळे धुऊन, कोरडे करून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडल्यावर तोच रॅचेट पुन्हा टकटक वाजू लागला.

घरोघरी हाताशी असते म्हणून खोबरेल वापरणारेही पुष्कळ आहेत. ते साधारण २४ अंश सेल्सिअसखाली गोठू लागते, आणि वनस्पतीजन्य तेले कालांतराने चिकट होऊन धूळ धरतात. इंजिनमधून काढलेले काळे तेल तर अजिबात नको, कारण त्यातली काजळी आणि धातूचा कीस दातांना घासत राहतो. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे मुळात पाणी हटवण्यासाठी तयार झालेला आहे. पावसात भिजलेला रॅचेट साफ करायला तो उत्तम, परंतु त्याचा थर फार पातळ राहतो, म्हणून साफसफाईनंतर वेगळे वंगण द्यावेच लागते.

माझ्या अनुभवात रोजच्या वापराच्या रॅचेटला शिलाई मशीनचे किंवा तत्सम हलके खनिज तेल सर्वांत सोयीचे पडते, फक्त ते महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा द्यावे लागते. ज्यांना डोके उघडता येते त्यांनी मऊ ग्रीस घ्यावे. ग्रीसच्या डब्यावर एनएलजीआय क्रमांक छापलेला असतो, तो जितका लहान तितके ग्रीस मऊ. बेअरिंगचे ग्रीस बहुधा २ किंवा ३ क्रमांकाचे असते, रॅचेटला मात्र ० किंवा १ पुरते. तेही मुगाच्या दाण्याएवढे घेऊन दातांवर पसरावे, पोकळी भरू नये. हवेवर चालणाऱ्या रॅचेटची गोष्ट निराळी आहे, त्याला हवेच्या नळीच्या तोंडाशी एअर टूलच्या तेलाचे काही थेंब द्यावे लागतात.

टॉर्क रेंचच्या, म्हणजे ठरावीक जोर मोजून नट आवळणाऱ्या पान्याच्या, आत मात्र कोणीही आपल्या मनाने तेल सोडू नये. आतले वंगण बदलले की त्याचे माप चुकू शकते. त्याची तपासणी १२ महिन्यांनी किंवा ५००० वेळा वापरल्यानंतर, जे आधी होईल तेव्हा, जाणकारांकडून करून घ्यावी.

आयटीआयच्या प्रात्यक्षिकांत मुलांना एकदा तरी रॅचेट उघडून, धुऊन, पुन्हा जोडायला लावावे, अशी शिक्षकांना माझी विनंती आहे. आणि यंदा खंडेनवमीला हळद-कुंकू रॅचेटच्या डोक्याऐवजी दांड्याला वाहावे.

आपला नम्र,
एक दुचाकी मेकॅनिक, नाशिक