शस्त्रक्रियेनंतरचे नऊ महिने कोणाच्या भरवशावर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की आमच्या भागात निमंत्रित कबड्डी स्पर्धांचा मोसम सुरू होतो. गावोगावी दिव्यांच्या झगझगाटात रात्री उशिरापर्यंत सामने रंगतात, विजेत्या संघांना रोख रकमा मिळतात, उत्कृष्ट चढाईपटूला दुचाकी मिळते, आणि दर मोसमात आसपासच्या दोन-चार चांगल्या खेळाडूंचे गुडघे जायबंदी होतात. त्यांतले बहुतेक पुन्हा मैदानावर दिसत नाहीत. माध्यमिक शाळेतून क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावरही मी रोज संध्याकाळी मुला-मुलींचा सराव घेतो, आणि इतक्या वर्षांच्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की या मुलांचा खेळ संपतो तो दुखापतीनंतरच्या नऊ-दहा महिन्यांत. त्या काळात मिळायला हवे असलेले भौतिकोपचार, म्हणजे ज्याला आपण फिजिओथेरपी म्हणतो ते, त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

माझ्याकडे सातवीपासून खेळणारी एक मुलगी होती, उजवी मध्यरक्षक, पकडीला बेधडक पुढे जाणारी. कुमारी गटाच्या एका सामन्यात चढाईपटूला अडवताना तिचा पाय मॅटवर जागीच रुतून बसला, अंग वळले आणि गुडघा आत मुडपला. आतून 'कट' असा आवाज आल्याचे तिने नंतर सांगितले. तासाभरात गुडघा टम्म सुजला. आम्ही स्प्रे मारला, क्रेप बँडेज बांधले, आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या एका जाणत्याने तो गरम तेलाने चोळून दिला. तीन आठवड्यांत दुखणे ओसरले, ती नीट चालू लागली, आणि पुढच्या स्पर्धेत मीच तिला उतरवले. त्या निर्णयाची खंत मला आजही आहे. त्या सामन्यात गुडघा दोनदा सरकला. नंतरच्या तपासणीत गुडघ्यातला पुढचा क्रूसबंध, ज्याला खेळाडू नुसते 'लिगामेंट' म्हणतात, तो तुटलेला निघालाच, शिवाय सांध्यातली गादीही फाटलेली निघाली. वडिलांनी कर्ज काढून शहरातल्या एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया करवली. ती चांगली झाली. घरी सोडताना मात्र तिच्या हातात व्यायामाच्या चित्रांचा एक कागद देण्यात आला आणि दीड महिन्याने दाखवायला या, एवढेच सांगण्यात आले. दुखणे होते तोवर तिने ते व्यायाम केले, आणि दुखणे थांबले तसे व्यायामही थांबले. सहाव्या महिन्यात जिल्हा निवड चाचणी आली. ती खेळली आणि तेच लिगामेंट पुन्हा तुटले.

त्यानंतर मी या विषयातल्या जाणकारांकडे जाऊन, प्रश्न विचारून, जमेल तेवढे समजून घेतले. जे समजले ते खेळाडूंच्या पालकांनी आणि माझ्यासारख्या प्रशिक्षकांनी वाचावे म्हणून सविस्तर लिहितो.

गुडघ्यात सूज आली की सांध्यातून मज्जासंस्थेकडे जाणारे संदेश मांडीच्या पुढच्या स्नायूला आवर घालतात. खेळाडूने कितीही जोर लावला तरी तो स्नायू पूर्ण आवळला जात नाही, आणि काही आठवड्यांतच ती मांडी दुसऱ्या मांडीपेक्षा बारीक दिसू लागते. तो स्नायू नुसत्या विश्रांतीने जागा होत नाही. त्याला ठरावीक व्यायामांनी जागे करावे लागते. शस्त्रक्रियेत तुटलेल्या बंधाच्या जागी बहुधा त्याच खेळाडूच्या मांडीमागचा किंवा वाटीखालचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, बसवतात. बसवला त्या दिवशी तो मजबूत असतो, परंतु त्याचा मूळचा रक्तपुरवठा तुटलेला असल्यामुळे शरीर त्याची नव्याने घडण करू लागते, आणि या घडणीत साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सुमारास तो सर्वांत कच्चा असतो. नेमकी त्याच वेळी सूज उतरलेली असते, दुखणे थांबलेले असते, लंगडणे गेलेले असते आणि घरचे म्हणू लागतात की पोर बरी झाली. दुखत नाही म्हणजे बरे झाले, ही आपल्याकडची समजूत गुडघ्याच्या बाबतीत किती घातक आहे, हे मला एका मुलीचा खेळ गमावल्यावर कळले.

ऑस्लो येथे शस्त्रक्रिया झालेल्या १०६ खेळाडूंचा दोन वर्षे मागोवा घेऊन केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की मैदानावर परतणे नवव्या महिन्यापर्यंत जितके लांबवले तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका घटत गेला, आणि ही घट दर महिन्याला निम्म्याच्या आसपास होती. मांडीची ताकद दोन्ही पायांत जवळपास सारखी झाल्यावर परतलेल्यांनाही पुन्हा दुखापत कमी झाली. हे नऊ महिने घरी बसून काढायचे नसतात. ऋषभ पंतच्या गाडीला ३० डिसेंबर २०२२ रोजी अपघात झाला, नव्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात मुंबईत त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि तो थेट मार्च २०२४ मध्ये सामना खेळला. मधले वर्षभर बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत त्याच्यासाठी तज्ज्ञ होते, यंत्रे होती, दिवसाचे वेळापत्रक होते. लोकांनी त्याला चमत्कार म्हटले. गुडघा त्याचा आणि आमच्या मुलीचा सारखाच असतो; त्या वर्षभराची सोय मात्र तिला नव्हती.

सोय झाली तर काय घडू शकते, हेही मी पाहिले आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या एका चढाईपटूचे लिगामेंट तुटले. या वेळी आम्ही तेलाच्या वाटेला गेलो नाही. शस्त्रक्रियेनंतर तो आठवड्यातून दोनदा एसटीने तालुक्याच्या गावी एका भौतिकोपचारतज्ज्ञ बाईंकडे जात असे आणि उरलेले दिवस घरी व्यायाम करून ते वहीत लिहीत असे. पहिले दोन आठवडे त्यांनी फक्त तीन गोष्टींवर लक्ष दिले: सूज उतरणे, गुडघा पूर्ण सरळ होणे आणि मांडी आवळता येणे. मुलगा कंटाळला होता, पण सुरुवातीला सरळ न झालेला गुडघा पुढे फार त्रास देतो, हे बाईंनी त्याला समजावून सांगितले. मग न लंगडता चालणे, स्थिर सायकल, भिंतीच्या आधाराने बैठका, पायरीवरून एका पायाने सावकाश उतरणे, वजन घेऊन बैठका, असा भार हळूहळू वाढत गेला. चौथ्या महिन्यात संथ धावणे सुरू झाले. त्यानंतर उडी मारून खाली येताना गुडघा आत न झुकवता कसे उतरायचे, याचा सराव कित्येक आठवडे चालला, आणि शेवटी कबड्डीच्या हालचाली आल्या: चवड्यावर वळणे, मागे सरकणे, लाथ, घोट्याची पकड सोडवणे, अंगावर पडणारा धक्का. दहाव्या महिन्यात दोन्ही पायांची ताकद मोजली आणि एका पायावर किती लांब उडी जाते ते तपासले. दोन्ही पायांत दहा टक्क्यांहून कमी फरक उरल्यावरच बाईंनी त्याला मैदानात पाठवले. तो आजही खेळतो आहे.

या काळात त्या बाईंनी त्याला शेक किंवा 'करंट' फारसा दिला नाही, याचे त्याच्या वडिलांना नवल वाटत असे. आपल्याकडे फिजिओथेरपी म्हणजे यंत्र लावून पडून राहणे, असे अनेकांना वाटते, आणि काही ठिकाणी ती तशीच दिली जाते, हेही खरे आहे. यंत्राने थोडा वेळ आराम वाटतो. स्नायूची ताकद, तोल आणि सांध्याची हालचाल मात्र व्यायामानेच परत येते. चढाईपटूंना वाटीखालच्या कंडऱ्याचे जे चिवट दुखणे जडते, तेही असेच आहे. महिनाभर विश्रांती घेतली की ते शमते आणि पहिल्याच स्पर्धेत परत उमळते, कारण विश्रांतीने कंडऱ्याची भार सोसण्याची शक्ती वाढलेली नसते. ती वाढते जड वजनाच्या, सावकाश केलेल्या आणि आठवडेच्या आठवडे चालू ठेवलेल्या व्यायामाने. अशा व्यायामात थोडे दुखले तरी ते नुकसान होत असल्याचे लक्षण नसते, आणि कितपत दुखू द्यायचे हे ठरवणे हीच त्या तज्ज्ञाची विद्या असते.

प्रत्येक तुटलेल्या लिगामेंटला शस्त्रक्रिया लागतेच असेही नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ज्यांना आधी पद्धतशीर व्यायाम देऊन गरज भासल्यासच शस्त्रक्रिया करायचे ठरवले होते, त्यांच्यापैकी जवळपास निम्म्या लोकांना पाच वर्षांनंतरही ती लागली नव्हती. त्यांत व्यावसायिक खेळाडू नव्हते आणि कबड्डीत गुडघ्याला पीळ फार बसतो, म्हणून हा निर्णय अस्थिशल्यविशारदानेच घ्यावा. पण कर्ज काढण्यापूर्वी हा प्रश्न विचारण्याचा हक्क पालकांना आहे.

ताज्या दुखापतीला गरम तेलाने चोळणे बंद व्हावे, असे मला कळकळीने वाटते. पहिल्या दिवसांत चोळल्याने रक्तस्राव आणि सूज वाढते, आणि मांडीला जबर मुका मार बसला असताना जोरात मालिश केल्यास स्नायूत हाडासारखा कठीण भाग तयार होण्याचाही धोका असतो. घोटा मुरगळला असेल आणि चार पावलेसुद्धा टाकता येत नसतील, किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे काढावा. गुडघा तासा-दोन तासांत सुजला तर आत रक्त साचल्याची दाट शक्यता असते आणि तो खेळाडू तपासणीशिवाय परत उतरवू नये. मी उतरवला होता, म्हणून हे सांगतो.

दुखापत टाळण्याबद्दल तर आपण बोलतच नाही. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने तज्ज्ञांकडून सुमारे २० मिनिटांचा एक सराव तयार करून घेतला आहे. त्यात संथ धावणे, ताकद आणि तोलाचे व्यायाम, उड्या आणि दिशा बदलणे असते. कुठलेही यंत्र लागत नाही. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ मुलींवर त्याची चाचणी झाली आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा सराव करणाऱ्या संघांत गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी आढळल्या. लिगामेंट तुटण्याचे प्रमाण मुलांपेक्षा मुलींमध्ये काही पटींनी अधिक असते, त्यामुळे आमच्या मुलींच्या संघांना याची गरज सर्वाधिक आहे. कबड्डीत आणखी एक अडचण आहे, ती बाहेरच्यांना चटकन दिसत नाही. खेडेगावातली मुले वर्षभर मातीवर अनवाणी सराव करतात आणि स्पर्धेत एकदम बूट घालून मॅटवर उतरतात. मातीवर वळताना पाय थोडा घसरतो, मॅटवर तो घट्ट धरला जातो, आणि न घसरलेल्या पायाचा सगळा पीळ गुडघ्याला सोसावा लागतो. म्हणून स्पर्धेआधी काही आठवडे तरी मॅटवर, बूट घालून, वळण्याचा आणि उतरण्याचा सराव मिळायला हवा.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ साली देशातले पहिले भौतिकोपचार विद्यालय सुरू झाले. त्याच महाराष्ट्रात आज पदवीधर भौतिकोपचारतज्ज्ञ दरवर्षी मोठ्या संख्येने बाहेर पडतात, पण आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात हे पद नाही. जिल्ह्याच्या गावी जायचे तर जाण्या-येण्यात दिवस मोडतो, आणि शेतमजुराच्या मुलाला नऊ महिने हे परवडत नाही. शासनाने निदान प्रत्येक तालुक्याला आठवड्यातून दोन दिवस तज्ज्ञ मिळेल अशी व्यवस्था करावी, आणि शारीरिक शिक्षण घेणाऱ्या भावी शिक्षकांना दुखापत टाळणारा सराव प्रत्यक्ष शिकवावा.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना माझी विनंती अधिक सोपी आहे. बक्षिसांच्या रकमेतून थोडा भाग काढून सामन्यांच्या दिवशी एक भौतिकोपचारतज्ज्ञ मैदानाशेजारी बसवावा, जखमी खेळाडूने पुन्हा उतरायचे की नाही याचा निर्णय प्रशिक्षकाकडे न ठेवता त्याच्याकडे द्यावा, आणि शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूची नोंदणी तज्ज्ञाच्या लेखी दाखल्याशिवाय करू नये. प्रशिक्षकाला सामना जिंकायचा असतो आणि खेळाडूला खेळायचे असते, त्यामुळे हा निर्णय तिसऱ्या माणसानेच घेतलेला बरा.

त्या वीस मिनिटांच्या सरावातले व्यायाम कबड्डीला जुळवून आम्ही रोज घेतो. आमच्या भागातल्या कोणत्याही मंडळाने रविवारी सकाळी बोलावले, तर मी स्वखर्चाने येऊन ते दाखवीन. सोबत तो चढाईपटूही येईल; त्याची नऊ महिन्यांची वही त्याने जपून ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली जिल्हा