आमच्या २५६ पत्त्यांना वाट करून देणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

'माझं नाव कुठे टाकू नकोस' असं तुम्ही बजावलंत, म्हणून नाव घेत नाही. पण गप्प बसणं मला जमणार नाही. न्यू जर्सीतल्या आमच्या हॅम (म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओवाल्यांच्या) क्लबचं नेटवर्क पुन्हा जगाला दिसायला लागलंय, ते तुमच्यामुळे.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं मागचं सांगतो. १९८१ मध्ये हँक मॅग्नुस्की या हॅमने, तेव्हा इंटरनेटचे पत्ते वाटणारे जॉन पोस्टेल यांच्याकडे हौशी रेडिओसाठी इंटरनेटचे पत्ते मागितले आणि ४४ ने सुरू होणारे सगळेच्या सगळे, १,६७,७७,२१६ पत्ते हॅम मंडळींच्या वाट्याला आले. ब्रायन कँटर यांनी सॅन दिएगोत बसून ते वर्षानुवर्षं सांभाळले. २०१९ मध्ये त्यातले पाव हिस्सा अ‍ॅमेझॉनला विकले गेले, त्यावरून पुष्कळ वाजलं. मला तो निर्णय पटतो, कारण ते पैसे आज शिष्यवृत्त्या आणि हॅम प्रकल्पांना जाताहेत. उरलेल्यांतले पत्ते लायसन्सधारक हॅमना अजूनही फुकट मिळतात. आमच्या क्लबला २५६ मिळाले.

पण घराला नंबर मिळाला आणि पोस्टमनला गल्लीच ठाऊक नाही, तर काय उपयोग? 'हे पत्ते माझ्याकडे आहेत, इकडे पाठवा' हे कुणीतरी आपल्या राउटरवरून बीजीपीने (नेटवर्कं एकमेकांना वाटा सांगतात त्या पद्धतीने) जगाला सांगावं लागतं. या सांगितलेल्या वाटेला रूट म्हणतात. सॅन दिएगोच्या गेटवेतून टनेल, म्हणजे इंटरनेटवरूनच एक आडवाट, काढता येतो, पण मग इंटरनेटवरून येणाऱ्या शेजारच्या गावातल्या माणसाचं पॅकेटसुद्धा (माहितीचा तुकडा) अख्खी अमेरिका ओलांडून परत इकडे येतं.

म्हणून आम्ही इंटरनेट कंपन्यांकडे गेलो. एका बड्या प्रोव्हायडरने आधी आम्हाला कंपनीच्या लेटरहेडवर अर्ज मागितला. आम्ही कंपनी नाही, क्लब आहोत, हे समजावता समजावता घसा सुकला. शेवटी एकदाचा त्यांनी रूट चालू केला आणि पुढे स्वतःच्या 'साफसफाई'त काढूनही टाकला. न विचारता, न कळवता, आणि तोही आमच्या आपत्कालीन सरावाच्या आदल्या दिवशी. २०१२ च्या सँडी वादळात इथले मोबाइल टॉवर बंद पडलेले ज्यांनी पाहिलेत, त्यांना या सरावाचं मोल सांगावं लागत नाही. फोन केला तर उत्तर मिळालं, 'तुमच्या नावावर बिल निघत नाही.' एवढंच. हे आठवलं की आजही डोकं फिरतं.

मग मंडळाच्या गणपतीत कुणीतरी तुमच्याशी ओळख करून दिली. तुम्ही हॅम नाही, रेडिओशी तुमचा काही संबंध नाही. तरी तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो 'यावर तुम्ही करता काय?' हा. इतक्या लोकांशी बोललो होतो, पण हे कुणीच विचारलं नव्हतं. कागदपत्रं तुम्ही पाहिलीत, तुमच्या छोट्या कंपनीत परवानगी काढलीत, ते सगळं झालं. पण मला खरं सांगायचंय ते त्यानंतरचं.

रूट चालू झाला होता. पिंगला (पोचतंय का हे पाहायच्या हाकेला) उत्तर येत होतं. मी तुमच्या स्क्रीनकडे पाहत 'झालं काका' म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, 'थांब, अजून एक राहिलंय.' आणि राउटरच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या यादीत) आमच्या प्रिफिक्सच्या, म्हणजे पत्त्यांच्या गटाच्या, ओळीवर तुम्ही टिपण लिहायला घेतलंत. क्लबचा कॉलसाइन (परवान्यावरचं रेडिओचं नाव) मला एकेक अक्षर करून सांगायला लावलात, 'ब्राव्हो की व्हिक्टर?' (बी की व्ही?) असं विचारून खात्री केलीत. मग लिहिलंत: हौशी रेडिओ क्लब आहे, बिल नाही ही चूक नव्हे, काढण्याआधी या नंबरवर फोन करा. 'मी लवकरच रिटायर होतोय,' तुम्ही म्हणालात, 'माझ्या जागी येणाऱ्या पोराला कळायला नको?'

माझ्या घशात आवंढा आला, तेव्हा काही बोलता आलं नाही. तुमच्यानंतर येणारा, तुम्ही कदाचित कधी भेटणारही नाही असा माणूस, त्याच्या हातून आमचं नुकसान होऊ नये याची काळजी तुम्ही वाहिलीत. पत्ते मागणारे मॅग्नुस्की, ते जपणारे कँटर आणि तुम्ही, मला एकाच माळेतले वाटता. मोबदला न मागता दुसऱ्याची वाट मोकळी ठेवणारी अशी माणसं असतात म्हणून इंटरनेट चालतं, हे मी मनापासून लिहितोय.

जूनच्या शेवटी आमचा फील्ड डे, हॅम मंडळींचा उघड्यावरचा सराव, असतो. मैदानात तंबू, जनरेटर आणि रात्रभर रेडिओ. काकूंना घेऊन या. अँटेना कशी उभी करतात ते दाखवतो, माइकवर तुम्हालाही बसवतो, आणि क्लबातली पोरं तुम्हाला कधीची भेटायचं म्हणताहेत.

७३ (हॅम भाषेत शुभेच्छा),
क्लबातर्फे, तुमचा